पिकअप घेताना गाडी थरथरते : हादरा नेमका कुठून येतो ते शोधायचं कसं

साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढत होतो. तिसरा गिअर, साधारण साठचा वेग, गाडीत चौघं जण आणि मागे सामान. ॲक्सिलरेटर दाबला की सीट डावी-उजवीकडे हलायची, जणू कोणी खालून गाडी धरून हलवतंय. पाय उचलला की दुसऱ्या क्षणी शांत. वर पोचल्यावर सपाट रस्त्यावर नव्वदला गाडी लोण्यासारखी पळाली.

त्याआधी मी या हादऱ्यासाठी दोनदा व्हील बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घेतलं होतं. एका दुकानात पुढचे दोन्ही टायर बदलायला लावले, तेही बदलले. हादरा जिथल्या तिथे. टायर बदलण्याआधी पाच मिनिटांची एक चाचणी कोणी केली असती, तर टायरचा काही संबंध नाही हे तिथेच कळलं असतं. ही चाचणी प्रत्येक गाडीवाल्याला यायला हवी असं मला मनापासून वाटतं, म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

आधी हादरा कशाला बांधलेला आहे ते ओळखा

गाडीत हलणाऱ्या गोष्टी पुष्कळ असल्या तरी हादऱ्याचे मालक तीनच. तो इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर येतो, किंवा चाकांच्या फेऱ्यांबरोबर, किंवा तुमच्या पायाच्या दाबाबरोबर, म्हणजे इंजिन गाडीला जोराने ओढत असतानाच. या तिघांपैकी कोण, हे ठरल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका.

रस्त्यावर निघण्यापूर्वी चारही चाकांचे नट पान्याने घट्ट आहेत का बघा. पंक्चर काढल्यावर नट अर्धवट आवळलेले राहतात आणि त्याचाही हादरा अगदी असाच येतो. टायरच्या दोन्ही अंगांवरून हात फिरवा. आतल्या बाजूला फुगा आलेला असेल तर चाचणी वगैरे काही नको, आधी टायर बदला. हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिली आहे तितकी भरा.

आता सकाळच्या वेळी मोकळा, सपाट रस्ता गाठा. शेजारी एकाला वही-पेन घेऊन बसवा, चालवणाऱ्याने काही लिहायचं नाही.

पहिली चाचणी गाडी उभी असताना. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक लावलेला. इंजिन गरम झाल्यावर हळूहळू रेस वाढवत तीन हजार आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाला फेरे) न्या. उभ्या गाडीतच हादरा आला तर चाकं आणि एक्सल, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकाला देणारे दांडे, या चौकशीतून जवळजवळ सुटले. दोष इंजिनात किंवा ते ज्यावर बसवलं आहे त्या रबरांत. एक लक्षात ठेवा, उभ्या गाडीत इंजिनावर भार नसतो. त्यामुळे इथे शांत राहिलेलं इंजिन चढावर मिसिंग करू शकतं, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेटत नाही. या चाचणीत इंजिन दोषी ठरू शकतं, निर्दोष ठरत नाही.

दुसरी चाचणी चालत्या गाडीत. ज्या वेगाला हादरा येतो, समजा साठला, तो वेग आधी तिसऱ्या गिअरमध्ये धरा, मग चौथ्यात. दोन्हीकडे साठलाच हादरा आला तर तो चाकांच्या फेऱ्यांना बांधलेला आहे. गिअर बदलल्यावर वेगाचा आकडा बदलला, पण आरपीएमचा काटा त्याच जागी असताना थरथर आली, तर इंजिनाकडे बघायचं.

तिसरी चाचणी सगळ्यात बोलकी. त्याच साठच्या वेगाला ॲक्सिलरेटर दाबून हादरा येऊ द्या आणि पाय पटकन उचला. मग पुन्हा दाबा. दाबला की येतो, सोडला की जातो, असं दर वेळी होत असेल तर भार घेणारी गोष्ट बिघडली आहे : एक्सलचा गिअरबॉक्सकडचा (आतला) जॉइंट, इंजिनाचं फाउंडेशन म्हणजे त्याखालची रबरं, किंवा भाराखाली मिसिंग करणारं इंजिन. पाय उचलूनही, क्लच दाबूनही वेग उतरेपर्यंत थरथर तशीच राहिली तर टायर, रिम, बॅलन्सिंग. क्लच दाबून गाडी घरंगळू द्यायची ती सपाट रस्त्यावरच. घाटात उतरताना हे करू नका, आणि चालत्या गाडीत चावी कधीच बंद करू नका. स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात.

वहीत काय लिहायचं? वेग, गिअर, आरपीएम, पाय दाबलेला की सोडलेला, हादरा स्टिअरिंगमध्ये की सीटमध्ये, इंजिन थंड की गरम, आणि सीएनजी असेल तर गॅसवर की पेट्रोलवर. दहा मिनिटांत पान भरतं. हे पान घेऊन गॅरेजला गेलात की मिस्त्रीही वेगळ्या नजरेने बघतो, कारण ‘व्हायब्रेशन मारतेय’ एवढंच सांगणारी गिऱ्हाइकं तो रोज ऐकतो.

हादऱ्याची लय

थोडं गणित इथे फार कामाला येतं. लहान गाडीच्या चाकाचा घेर दोन मीटरच्या जरा आत असतो. साठच्या वेगाला चाक सेकंदाला साधारण साडेआठ फेरे मारतं. बॅलन्स गेलेलं चाक प्रत्येक फेऱ्याला एक धक्का देतं, म्हणजे सेकंदाला आठ-नऊ. आतल्या एक्सल जॉइंटमध्ये तीन रोलर असतात, त्यामुळे तो प्रत्येक फेऱ्याला तीन धक्के देतो, सेकंदाला पंचवीसच्या आसपास. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. २४०० आरपीएमला एक सिलिंडर मेला तर सेकंदाला वीस धक्के चुकतात. आकडे मोजता आले नाहीत तरी फरक अंगाला कळतो. चाकाचा हादरा डुलल्यासारखा आणि मोजता येईल असा, तर जॉइंटचा आणि मिसिंगचा भरभर येणारा, खडखडीत रस्त्यावरून गेल्यासारखा.

इंजिन मिसिंग करत असेल तर

पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांत सर्वाधिक सापडणारं कारण हेच. पिकअप मारताना गाडी अडखळते, झटके देते, ताकद कमी वाटते, कधी चेक इंजिनचा दिवा लागतो. हा दिवा लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, तो तापून वितळतो, आणि मग प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा) आणि कॉइल (त्याला वीज देणारी) यांच्या खर्चाच्या कितीतरी पट भुर्दंड बसतो.

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो, तो लावून गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड मोबाइलवर वाचा. पी-०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर मिसिंग, पी-०३०२ म्हणजे दुसरा, याच क्रमाने पुढे. पी-०३०० म्हणजे ठरावीक एक नाही, एकाहून जास्त किंवा आलटून-पालटून कोणतेही. पी-०१७१ आला तर इंजिनाला पेट्रोलच्या मानाने हवा जास्त मिळते आहे, कुठेतरी पाइप फाटला आहे किंवा पेट्रोलचा दाब कमी आहे. कोड आधी लिहून घ्या, मग पुसा, मग पुन्हा गाडी चालवून तोच येतो का बघा.

समजा पी-०३०३ आला. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, चावी काढा. तिसऱ्या कॉइलचा कनेक्टर सोडवा, वरचा बोल्ट काढा आणि कॉइल जरा पिळून सरळ वर ओढा. प्लग काढण्याआधी त्या खड्ड्यात हवा मारून धूळ उडवून टाका, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. आता तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावा. गाडी चालवा. कोड बदलून पी-०३०२ झाला तर कॉइल गेली. कोड तिसऱ्यावरच राहिला तर तसेच प्लग अदलाबदल करा. तरीही तिसराच, तर इंजेक्टर (सिलिंडरसाठी पेट्रोल फवारणारा), आणि शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. एक रुपया खर्च न करता दोष पकडायची ही पद्धत मला सगळ्यात प्रिय आहे.

जुने मिस्त्री चालू इंजिनावर एकेक प्लगची टोपी उपटून बघतात. तसं करू नका. तिथे हजारो व्होल्ट असतात, हाताला झटका बसतो आणि चांगली कॉइलही मरते.

काढलेला प्लग उजेडात धरून नीट बघा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ठीक. काळी कोरडी काजळी म्हणजे ठिणगी दुबळी किंवा पेट्रोल जास्त. टोकाला तेलकट ओल म्हणजे इंजिनातून ऑइल वर येतंय. वरच्या खड्ड्यातच ऑइल साचलं असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलायचं, ते स्वस्तातलं काम आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीतल्या काकांची गाडी अशीच चढावर झटके द्यायची. कॉइल काढली तर तिच्या रबरी नळीच्या आत, वरपासून खालपर्यंत, केसाएवढी एक पांढुरकी रेघ होती. प्लगच्या चिनी मातीवर तिच्याच समोर तशीच काळी रेघ. ठिणगी टोकापर्यंत न जाता त्या रेघेवरून बाजूच्या धातूत पळत होती. सपाट रस्त्यावर तेवढ्यावर भागायचं, चढावर सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगी सोपी वाट धरायची. अशा वेळी नुसता प्लग बदलून उपयोग नाही, ती रेघ असलेलं रबरही बदलावं लागतं.

नवा प्लग हाताने पूर्ण बसवा, आटे नीट लागले आहेत याची खात्री झाल्यावरच पाना लावा. साधे प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटरला बदलावेत, इरिडियमचे लाखाच्या आसपास चालतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

सीएनजीवाल्यांसाठी खास गोष्ट. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून प्लग-कॉइल म्हातारे झाले की आधी गॅसवर मिसिंग सुरू होतं आणि पेट्रोलवर गाडी छान चालते. हादरा आल्यावर लगेच बटण दाबून पेट्रोलवर घ्या. हादरा थांबला म्हणजे ‘किटच खराब’ असं समजू नका, आधी प्लग बघा. सीएनजीला प्लगच्या टोकाची फट, म्हणजे गॅपही कमी लागतो, ०.७-०.८ मिलिमीटरच्या आसपास. पेट्रोलसाठीचा मोठ्या गॅपचा प्लग कोणी लावून दिला असेल तर झटके येणारच. प्लग-कॉइल ठीक असतील तर मग गॅसचा फिल्टर आणि गॅसचे इंजेक्टर.

हवेची बाजू पटकन तपासता येते. एअर फिल्टर काढून उन्हात धरा, आरपार उजेड दिसत नसेल तर बदला. फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) रबरी पाइपच्या घड्या ताणून बघा, चिरा घडीच्या आत दडलेल्या असतात. बॉनेटखाली उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हेही पावसाळ्यात मोठं कारण आहे. इन्सुलेशनवर दातांच्या खुणा, बॅटरीमागे लेंड्या किंवा सुक्या गवताचं घरटं दिसलं तर तिथूनच सुरुवात करा.

पेट्रोल भरल्यानंतर पाच-दहा किलोमीटरमध्येच झटके सुरू झाले तर पेट्रोलमध्ये पाणी असू शकतं. इथेनॉल पाणी शोषतं, आणि प्रमाणाबाहेर पाणी झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर बसतो. पंप तिथूनच ओढतो. अशा वेळी गाडी ताणू नका, टाकी रिकामी करून घ्या, भरल्याची पावती जपून ठेवा.

डिझेल गाडीत प्लग-कॉइलचा प्रश्न नाही. तिथे आधी डिझेल फिल्टर आणि त्याच्या तळाशी साचलेलं पाणी, मग टर्बोचा होज पाइप निसटलाय का, मग इंजेक्टर. इंजेक्टरची तपासणी बेंचवर होते, ती घरी करायची गोष्ट नाही.

फाउंडेशन

इंजिन ज्या रबरांवर बसतं त्यांना गॅरेजमध्ये फाउंडेशन म्हणतात. रबर फाटलं की पिकअप घेताना इंजिन तिरकं उचलतं आणि धातू धातूवर आपटतो. लक्षण : पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरला गाडी निघताना ‘धप्प’ असा आवाज, सिग्नलला उभं असताना डॅशबोर्डची थरथर, आणि गिअरचा दांडा नको इतका हलणं.

तपासायला दोघं लागतात. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, आत बसलेल्याने ब्रेक घट्ट दाबून ठेवावा. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभं राहायचं नाही, बघणाऱ्याने बाजूला राहायचं. पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी हळू, फक्त गाडी पकड घेईपर्यंत सोडायचा आणि पुन्हा दाबायचा. मग रिव्हर्समध्ये तसंच. इंजिन थोडं कलणं साहजिक आहे. ते वर उचलून पुन्हा आपटत असेल तर फाउंडेशन गेलं. काही गाड्यांत फाउंडेशनच्या आत तेल असतं, रबराच्या खाली ओघळ दिसला की ते संपलं.

बदलताना दोन गोष्टी सांभाळा. बाहेरच्या कंपनीचं कडक रबर स्वस्त पडतं, पण मग सगळी थरथर थेट सीटमध्ये येते, म्हणून इथे मूळ पार्टच घ्या. आणि सगळे बोल्ट आधी ढिले ठेवून इंजिनाचं वजन नव्या रबरावर बसू द्यायचं, मगच आवळायचे. पिळलेल्या अवस्थेत आवळलेलं नवं रबरही थरथरतं. तीन सिलिंडरच्या गाड्या सिग्नलला मुळातच थोड्या थरथरतात. नवी असल्यापासून असलेल्या थरथरीवर खर्च करू नका.

एक्सल

माझ्या गाडीत दोष इथे निघाला. ओळखीच्या एका मिस्त्रीने वहीतलं पान वाचलं आणि म्हणाला, “दादा, पाय सोडला की थांबतंय ना? मग टायर नाही, डावा एक्सल खोलू.”

पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या प्रत्येक एक्सलला दोन जॉइंट असतात. बाहेरचा, चाकाजवळचा, खराब झाला की वळताना कट-कट आवाज येतो. हे बहुतेकांना माहीत असतं. आतला, गिअरबॉक्सजवळचा, आवाज करत नाही, तो हादरतो. त्यात तीन रोलर तीन खाचांमधून मागे-पुढे सरकतात. खाच झिजली की भार आल्यावर रोलर अडकतो, सुटतो, अडकतो, आणि गाडी डावी-उजवीकडे थरथरते. वेग घेताना गाडीचं नाक वर उचलतं, एक्सलचा कोन वाढतो, मग हादरा जास्त. मागे सामान आणि माणसं भरली की तेच. गाडी उंच करायला स्प्रिंगमध्ये स्पेसर बसवलेल्यांना हा त्रास लवकर होतो, त्याचं कारणही हा कोनच.

मिस्त्रीने आतल्या जॉइंटचा रबरी बूट सोडवला. ताजं ग्रीस घट्ट असतं, हे काळं, पातळ, गंजासारखी तपकिरी झाक असलेलं होतं. ते पुसून त्याने खाचेवरून नख फिरवलं, मग मला फिरवायला सांगितलं. गुळगुळीत पोलादावर मध्येच नख अडकत होतं, तीनपैकी दोन खाचांत. एवढ्याशा खळग्यासाठी दोन टायर गेले होते.

स्वतः तपासायचं तर चाक पूर्ण वळवून आतल्या बाजूला टॉर्च मारा. रिमच्या आत किंवा आजूबाजूला ग्रीसचे फटकारे दिसले तर बूट फाटला आहे. नुसताच बूट फाटला असेल आणि जॉइंट शांत असेल तर बूट-ग्रीस बदलून काम भागतं, मात्र उशीर नको. बूट शाबूत असूनही जॉइंट झिजू शकतो, तेव्हा तिसऱ्या चाचणीवरच विश्वास ठेवा. एक्सल काढणं गॅरेजचं काम आहे. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. एक्सल निघताना गिअरबॉक्सचं ऑइल बाहेर येतं, ते पुन्हा मोजून भरलंय ना, ऑइल सील तपासलंय ना आणि हबचा नट नवा लावलाय ना, एवढं विचारा.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत, म्हणजे बोलेरो, स्कॉर्पिओ, इको अशा, याच जागी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सची ताकद मागे नेणारा लांब दांडा) क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, येतात. शाफ्ट हाताने पिळून बघा, क्रॉसमध्ये खळखळ जाणवली तर बदला. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही टोकांना खडूने खूण करायला सांगा. चुकीच्या कोनात बसवला तर नव्या क्रॉसवरही हादरा येतो.

फक्त गाडी सुटतानाच थरथरत असेल तर

पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना गाडी थडथडते आणि दहा-पंधराचा वेग झाला की शांत होते, तर तो क्लच. प्लेट जळालेली, किंवा तिच्यावर ऑइल आलेलं. ऑइल असेल तर आधी सील बदला, नाहीतर नवी प्लेटही महिन्याभरात तशीच होते.

चाकं

पाय दाबा किंवा सोडा, ऐंशी ते शंभरच्या दरम्यान थरथर येते आणि त्यापुढे कमी होते, तर बॅलन्सिंग. स्टिअरिंग हलत असेल तर पुढचं चाक, सीट हलत असेल तर मागचं. पावसाळ्यात शेताकडच्या रस्त्याने आल्यावर रिमच्या आत चिखलाचा गोळा वाळून बसतो, तो खरवडून धुतला तर पुष्कळदा बॅलन्सिंगचीही गरज उरत नाही. बॅलन्सिंग करताना मशीनवर रिम फिरताना स्वतः बघा. कडा वरखाली होत असेल तर रिम खड्ड्यात वाकली आहे आणि वजनं चिकटवून ती सरळ होणार नाही. अलाइनमेंटने गाडी एका बाजूला ओढणं थांबतं, टायरची झीज सुधारते. थरथर त्याने जात नाही, तरी त्यासाठीच सर्वाधिक वेळा पैसे घेतले जातात. आणि हादरा ब्रेक दाबतानाच येत असेल तर डिस्क बघा, वरचं सगळं सोडून द्या.

दुरुस्तीनंतर

त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, तितक्याच माणसांसह पुन्हा चालवा आणि वहीतल्या जुन्या नोंदीशेजारी नवी नोंद लिहा. एका वेळी एकच पार्ट बदला, म्हणजे कशाने फरक पडला ते कळतं. काढलेला पार्ट मागून घ्या आणि हाताळून बघा. चाक काढलं गेलं असेल तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. एक्सल बसवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ऑइलचा थेंब पडलाय का बघा. माझा एक्सल बदलल्यावर मी पुढच्या रविवारी चौघांना घेऊन, मागे पाण्याचे दोन कॅन ठेवून, पुन्हा खंबाटकी चढलो. तिसरा गिअर, साठ, पाय खालपर्यंत. वहीत त्या दिवशीची नोंद आहे : हादरा नाही.